उलटी गाठ

आमचं विमानतळ लहान. चार-सहा खासगी विमानं, पत्र्याची शेड, एक खोली. माझं काम विमानं बांधायचं. जमिनीत लोखंडी कड्या आहेत. उतरलेल्या विमानाचे पंख आणि शेपूट त्यांना दोरांनी बांधायची, म्हणजे ते वाऱ्यात उलटत नाही.

जावई वैमानिक. डावखुरा. तो स्वतः विमान बांधायचा, पण त्याची गाठ उलटी पडायची. मी ती सोडून पुन्हा बांधायचो. तो हसायचा.

"सासरेबुवा, विमान बांधताय की बैल?"

"बैलाला अक्कल असते," मी म्हणायचो.

त्या दुपारी तो औषधांची खोकी पोचवायला गेला. संध्याकाळी धुकं उतरलं. मुलगी खोलीत येऊन बसली. तिचे दिवस भरत आले होते. आमचा मेकॅनिक, ज्याला सगळे पान्या म्हणतात, रेडिओला कान लावून होता. रेडिओ गप्प.

एकाएकी धावपट्टीचे दिवे लागले.

आमच्याकडे ते सतत जळत नाहीत. जवळ आलेला वैमानिक आपल्या रेडिओचं बटण दाबतो, तेव्हाच लागतात. थोड्या वेळाने आपोआप विझतात.

"बाबा, आले!" मुलगी उठली.

"बस. आवाज येऊ दे."

आवाज आला नाही. नुसता तापलेल्या तेलाचा वास आला. दिवे विझले.

मग फोन वाजला. पान्याने ऐकलं, टोपी काढली आणि मला शेडमध्ये नेलं.

"काका... विमान डोंगरात सापडलंय. दुपारीच पडलं. तो गेला..."

"मग दिवे कोणी लावले?"

पान्याने भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला. सगळीकडची वीज गेली.

धुक्यात धावपट्टीचे दिवे पुन्हा लागले.

मुलीला कसं सांगायचं, ते ठरवत मी खोलीकडे गेलो. खोली रिकामी. दार सताड उघडं.

जावयाच्या विमानाच्या जागेवर ती उभी होती. तिथले दोर मी स्वतः गुंडाळून ठेवले होते. आता ते कड्यांपासून वर ताठ ओढलेले होते. वरची टोकं हवेत बांधलेली. गाठी उलट्या.

तिने तळवा पुढे टेकवला होता. पुढे काहीच नव्हतं.

"बाबा... इंजिन अजून गरम आहे."

"हात काढ. घरी चल."

"थांबा ना... ते उतरतायत."

मी तिला ओढत नेलं. घरी तिचा तळवा पाहिला. भाजून फोड आले होते.

त्या गाठी मात्र मी सोडल्या नाहीत. दोर अजून ताठ आहेत.