सात नंबरची ओळ

दुपारचे तीन वाजले होते, वॉर्डात लख्ख ऊन होतं आणि प्रोग्रामर फक्त सिस्टरांच्या एका सहीसाठी आली होती. कागदावरचा मजकूर तिच्या साहेबांनीच लिहून दिला होता: 'घंटा सिस्टरनी बंद ठेवली होती.' सही झाली की सिस्टरांची नोकरी जाणार आणि प्रोग्रामरची कंपनी सुटणार. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

खरं काय ते प्रोग्रामरला पक्कं ठाऊक होतं. भिंतीवरच्या स्क्रीनवर प्रत्येक खाटेची एक ओळ होती; पेशंटचे ठोके उतरले की घंटा वाजायची. स्क्रीन झटपट चालावी म्हणून ती दर वेळी सगळी नव्याने रंगवायची नाही, जे बदललं तेवढंच बदलायचं, ही शक्कल तिचीच. पण ओळ तिने पेशंटच्या नावाला न बांधता खाटेच्या नंबराला बांधली. सात नंबरचा जुना पेशंट घरी गेला, तिथे एक आजी आल्या. नाव बदललं, आकडे बदलले, 'घंटा बंद'ची खूणही पुसली गेली. घंटा मात्र जुन्या पेशंटसाठी बंद केलेली, ती बंदच राहिली. आजींचे ठोके उतरत गेले आणि कुणाला पत्ता लागण्याआधीच त्या गेल्या.

"सही हवी?" सिस्टर दात खाऊन म्हणाल्या. "आधी वर बघ."

सात नंबरची ओळ पिवळी झाली. काही बदललं की ओळ पिवळी होते. पण खाट तीन दिवस रिकामी होती, मशीनही काढून नेलं होतं.

ठोक्यांचा आकडा उमटला: ५८.

"कुठून येतंय हे?"

"तू मला विचारतेस? रोज तीनला येतं."

४९. बाकीच्या ओळी जागच्या जागी होत्या. औषधांचा वास एकदम दाट झाला.

प्रोग्रामरने स्क्रीनची वायर भिंतीतून उपटली. सगळ्या ओळी गेल्या. सातवी राहिली.

४१...

फोन वाजला. साहेब. "झाली का सही? उगाच घोळ घालू नकोस, गुपचूप उरकून ये."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. तीन दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होती ती!

"नाही होणार सही," ती ओरडली. "घंटा माझ्या चुकीमुळे वाजली नाही. माझ्या! लिहून देते मी, काय करायचं ते करा!" तिने कागद टराटरा फाडला.

आणि घंटा वाजली. वायर उपटलेली असताना.

सिस्टर सवयीने धावल्या, खाटेपाशी थबकल्या. चादरीवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला.

"उबदार आहे गं..." त्या पुटपुटल्या.

घंटा वाजत होती. बंद करायचं बटण हाताशीच होतं. दोघींपैकी कुणीही ते दाबलं नाही.