नाल्याखालचं तीर्थ

"अहो, थांबा! पिऊ नका ते!"

माणिक मुजुमदार वर्गाच्या दारातून ओरडली खरी, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. टेबलापाशी उभ्या असलेल्या त्या अनोळखी तरुणानं लोटीतलं पाणी तळहातावर घेतलं, डोळे मिटले आणि भक्तिभावानं पिऊन टाकलं.

"शिप्रेचं तीर्थ ना?" तो गोंधळून म्हणाला. "तुळशीचं पान दिसलं... म्हणून..."

"शिप्रेचंच आहे हो! पण रंगाऱ्यांचा नाला मिळतो ना, त्याच्या खालचं. नदी कशानं खराब होते, ते आठवीच्या मुलींना दाखवायला आणलंय!"

त्याचा चेहरा असा काही झाला, की माणिकला हसावं की वैद्यांना बोलवावं ते कळेना. आता दोष तरी कुणाला द्यायचा? मुलींच्या त्या हायस्कुलात काचेची भांडी नव्हती, म्हणून माणिक घरातल्या तांब्याच्या लोट्या आणायची. आणि पोरी पडल्या उज्जैनच्या! शिप्रेचं पाणी भरलं, की त्यात तुळस घातल्याशिवाय त्यांना चैन कुठलं?

तो निघाला श्रीनाथ कोरान्ने, शिक्षणखात्याच्या कचेरीतला. ह्या बाई सृष्टिज्ञान कसं शिकवतात ते बघायला आला होता. बघणं राहिलं बाजूला, आल्या आल्या धडाच पिऊन बसला!

दुसऱ्या दिवशी माणिक काहीतरी काम काढून फ्रीगंजमधल्या त्याच्या कचेरीत गेली.

"पोट कसं आहे?"

"आज तर ठीक आहे." तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "उद्याची खात्री नाही. उद्याही चौकशी करायला यावं लागेल तुम्हाला."

"मजाक पुरे हं!" ती म्हणाली, आणि घरी पोचेपर्यंत एकटीच हसत राहिली.

मग दर गुरुवारी तोही घाटावर येऊ लागला. मुली नाल्याच्या वर पाणी बघायच्या, मग खाली बघायच्या. वर दगडांना हिरवं शेवाळ, गोगलगायी, चिमुकले मासे; खाली पाण्यावर जांभळट तवंग, आणि हलणारं असं काही नाहीच. माणिक काही सांगायची नाही, नुसती विचारायची. "इथे मासे का नसतील गं?" पोरी भांडायच्या, ओरडायच्या, "बेनजी, देखो तो!" म्हणून तिचा पदर ओढायच्या. श्रीनाथ बूट हातात घेऊन त्यांच्यामागे चिखलातून फिरायचा. एकदा एकच दगड उलटायला दोघं वाकली, बोटांना बोटं लागली, आणि दगड तसाच राहिला... त्याखाली काय होतं, ते त्या दिवशी कुणालाच कळलं नाही.

हा तास विनोदिनीबाईंना मुळीच पसंत नव्हता. त्या मुख्याध्यापिका, आणि कडक. "घाटावर पुण्य मिळवायला जायचं असतं, गोगलगायी मोजायला नाही," त्या म्हणायच्या. "तू आहेस म्हणून चालवून घेते, माणिक. तू नसलीस की त्याच दिवशी बंद."

आणि तेच तर खरं दुखणं होऊन बसलं. ऐन दिवाळीत नवं राज्य व्हायचं होतं. मध्यभारत जाणार, मध्यप्रदेश येणार, राजधानी भोपाळ. सगळ्या शहरात त्याचीच चर्चा. एका गुरुवारी पायऱ्यांवर बसता बसता श्रीनाथ म्हणाला, "माझं नाव भोपाळच्या यादीत आलंय. दिवाळीनंतर जायचं."

"वा! बढती असेल."

"आहे. तुम्हाला... एवढंच म्हणायचंय?"

कितीतरी म्हणायचं होतं! पण समोर त्या पोरी गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. आपण गेलो तर ह्यांना परत पुस्तकातली नदी पाठ करायला बसवतील. आणि नाही गेलो तर हा माणूस जाईल. माणिकनं मान खाली घातली. तो उठला, बूट घातले आणि निघून गेला.

पुढच्या गुरुवारी डोकं दुखतंय म्हणून ती शाळेतच बसून राहिली. त्याच्याशिवाय घाटावर जायचं, ह्या विचारानंच रडू येत होतं. पण वर्गात शांतता इतकी, की तिला शंका आली. पोरी गेल्या कुठे? ती धावतच घाटावर पोचली.

आणि बघते तर काय! विनोदिनीबाई नऊवारीचा ओचा खोचून पाण्यात उभ्या. पोरींनी त्यांना हाताला धरून ओढत आणलं होतं.

"लग्न होऊन आल्यापासून रोज इथे अंघोळीला येते गं मी," तिच्याकडे न बघताच त्या म्हणाल्या. "पण खाली वाकून कधी पाहिलंच नाही. हा नाला कधीपासून असा वाहतोय? आणि कुणी काही म्हणत नाही?" मग एकदम खवळून पोरींकडे वळल्या. "चला गं, वरचं पाणी दाखवा मला!"

माणिकला घाटावरच मोकळं रडू फुटलं. मग तिनं डोळे पुसले आणि टांगा करून तडक फ्रीगंज गाठलं.

कचेरीत दप्तरांचे गठ्ठे बांधणं चाललं होतं. श्रीनाथ सुतळी आवळत होता. तिला बघून तो उठलाही नाही.

"भोपाळला मोठे तलाव आहेत म्हणे?" माणिकनं धापा टाकत विचारलं.

"आहेत."

"तिथल्या मुलींना कुणी काठावर नेतं का?"

"मला काय ठाऊक?"

"मग चौकशी करून ठेवा. इथल्या परीक्षा झाल्या, की मी येतेय. शाळेत जागा मिळेल तेव्हा मिळेल. आधी... तुमच्या घरी."

श्रीनाथच्या हातातली सुतळी सुटली आणि गठ्ठा धाडकन पडला.

"अहो, मला विचारू तरी द्याल की नाही?"

"मग विचारा ना! इतके दिवस काय करून राहिलात?"

तो उभा राहिला. कपड्यांवर धूळ, दारात शिपाई टक लावून बघतोय... आणि त्यानं विचारलं. अगदी नीट, तिचं पूर्ण नाव घेऊन विचारलं.

आणि एवढी तोऱ्यात आलेली माणिक! तिला साधं 'हो' म्हणता येईना. ती नुसती मान हलवत राहिली, हलवतच राहिली, शेवटी शिपाईच म्हणाला, "साहब, बेनजी ने हाँ कह दी. अब तो बैठने को कहो उनको!"