कटवाल्यांची तसबीर

दिवा राहू दे चालू, पोरांनो. ही गोष्ट घडली तीच लख्ख उजेडात. माझ्या साडूच्या बाबतीत.

त्याचं तसबिरींना चौकटी घालायचं दुकान. मार्चमधला गुरुवार होता. संध्याकाळी एक म्हातारे वकीलसाहेब जुनी तसबीर घेऊन आले. काच तडकलेली.

"उद्या व्याही यायचेत. सकाळपर्यंत नवी बसवा."

चित्र छापील, विलायती, दोनेकशे वर्षांपूर्वीचं, आणि भलतंच गमतीचं. तळघरात सात जण राजाला उलथवायचा कट करताहेत, आणि ऐन वेळी शिपाई आत घुसलेत. एकाचा केसांचा टोप मेणबत्तीवर पेटलाय. एक पिंपात शिरतोय, पाय वर. एक जाडा टेबलाखाली. डोकं आत, बाकी सगळा ऐवज बाहेर! साडू पोट धरधरून हसला. "आणि म्हणे हे राज्य घेणार!"

वकीलसाहेब हसले नाहीत. "सातही जण फासावर गेले. कुणीतरी लाखबंद लखोट्यातून त्यांची नावं कळवली होती. आपल्यातला फुटला कोण, हेच शेवटपर्यंत एकमेकांना विचारत होते म्हणे."

रात्री सव्वानऊला साडूनं जुनी काच काढली. शटर अर्धं खाली, ट्यूब चालू. ब्रशनं धूळ झाडताना कुजबूज ऐकू आली. बाहेर कुणी असेल म्हणून त्यानं वाकून पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

तो परत चित्रापाशी आला. पुन्हा कुजबूज. या खेपेस पाठीमागून.

"कोण फुटला?"

त्याला वळवेना. मानेवर गार श्वास... मग दुसऱ्या बाजूनंही. जळक्या केसांचा वास.

"तू?"

"नाही हो... मी काच बसवणारा... मी आपला..."

"मग कोण?"

आता चहूबाजूंनी. अगदी कानाशी.

साडूची नजर चित्रावर खिळलेली. दाराजवळ एक किडकिडीत माणूस होता. बाकीचे पळत होते. हा नाही. ह्याचा हात कडीवर होता. उघडत होता की लावत होता, देव जाणे. साडूला तरी कुठं ठाऊक? पण जीव कुणाला नको असतो?

त्यानं बोट उचललं. त्या माणसावर ठेवलं.

कुजबूज थांबली.

मग एकच आवाज. रडवेला.

"मी नव्हतो रे..."

पावलं. पुष्कळ पावलं, दुकानाच्या कोपऱ्याकडे जाणारी. धडपड... मग तीही नाही.

साडू घरी कसा पोचला, त्याला आठवत नाही. रात्रभर बायकोचा हात धरून बसला. "मी त्याच्यावर बोट ठेवलं गं," एवढंच म्हणत राहिला. उजाडल्यावर तिलाच आधी दिसलं.

"अहो, बोटाला काय हे?"

तेच बोट. त्यावर लाल लाखेचा थेंब. जुन्या लखोट्यांवर असायचा तसा. त्यात कसलासा शिक्का उमटलेला. खाली कातडी साफ. भाजल्याची खूण नाही.

दुपारी मी गेलो. त्यानं हात पुढे केला. मी त्या थेंबाला बोट लावून पाहिलं...

लाख अजून गरम होती.