पाचशे मायक्रोलिटर

पहिल्याच दिवशी परफ्यूमच्या प्रयोगशाळेच्या दारात मी त्याला धडकले आणि त्याच्या हातातली बाटली माझ्या बाहीवर सांडली.

"पाच मिली गेलं," तो म्हणाला. "म्हणजे पाच हजार मायक्रोलिटर."

"मला वाईट वाटावं म्हणून मोठा आकडा सांगताय?"

"हो. वाटतंय?"

वाटत होतं... पण हसूही येत होतं.

पुढे त्यानेच मला सगळं शिकवलं. लिटरचा हजारावा भाग मिली, मिलीचा हजारावा भाग मायक्रो. मोठ्यातून लहानात जाताना गुणायचं, उलट येताना भागायचं. शिकवताना त्याचं कोपर माझ्या कोपराला लागायचं आणि माझं गणित पार कोलमडायचं. कधीकधी मी मुद्दामही चुकायचे.

मग परदेशातल्या एका बड्या कंपनीने त्याच्याकडून नमुना मागवला. पसंत पडला तर नोकरी तिथेच. या एका गोष्टीसाठी त्याने वर्षानुवर्षं जिवाचं रान केलं होतं. आणि नेमका पाठवायच्या दिवशी तो सर्दीने बेजार!

"आज तूच माझं नाक," तो म्हणाला.

मी बाटली हुंगली. फुलं होती, लाकूड होतं, कस्तुरी मात्र जेमतेम. ती मोजून टाकायच्या पिपेटवरचा आकडा पाहिला — पन्नास. हवी होती अर्धा मिली, म्हणजे पाचशे मायक्रोलिटर. मला गणित शिकवणारा स्वतःच एक शून्य खाऊन बसला होता.

गप्प राहिले असते तर नमुना नापास झाला असता. तो इथेच राहिला असता, माझ्या शेजारच्या टेबलापाशी... मी बराच वेळ बाटली नाकाशी धरून उभी राहिले.

"जमलंय ना?"

"नाही," मी म्हणाले. "अजून साडेचारशे टाक."

त्याने आकडा पाहिला, कपाळावर हात मारला आणि उरलेली कस्तुरी टाकली. मी पुन्हा हुंगलं. इतका सुंदर वास होता की मला रडू आलं. सर्दी त्याला झालेली, आणि डोळे मी पुसत होते.

कुरिअरवाला डबा घेऊन जिना उतरला. त्याची गाडी निघून जाईपर्यंत मी थांबले. मग म्हणाले, "मला तू आवडतोस... फार."

"वेडाबाई, हे सकाळी नाही का सांगायचं?"

"सकाळी सांगितलं असतं, तर तू पन्नासच ठेवले असतेस."

तो नाही म्हणाला नाही. माझा हात त्याने घट्ट धरून ठेवला.

पुढच्या महिन्यात तो गेला.