पहिल्या हाकेला ओ

हसायचं तर हसा, पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या मामासोबत घडलंय, आणि मामा बाता मारणाऱ्यातला नाही. गणिताचा मास्तर माणूस.

साल १९८६. जागा एक नाही, दोन. एक आफ्रिकेतल्या झांबियातलं खेडं, दुसरं आमचं साक्रीजवळचं.

सुकदेवमामा तिकडे सरकारी शाळेत शिकवायला गेला होता. गावी त्याची माय, म्हणजे माझी आजी ताईबाई, एकटीच. "दोन वर्षं, माय. मग कायमचा तुझ्यापाशी," असं सांगून गेला.

तिथली पोरं गुणी. मास्तर दिसला की सायकलवरून उतरून उभी राहायची. मक्याचा घट्ट घाटा खायची, मामालाही ताटलीभर आणून द्यायची. चव थेट आपल्या ज्वारीच्या घाट्याची. पहिल्या घासालाच मामाला रडू कोसळलं. शाळा सुटली की क्वार्टरमध्ये भिंतीशी बोलायची वेळ. अहिराणीचा एक शब्द कानावर पडेना. माणूस आतून सुकत जातो हो अशाने.

एका संध्याकाळी तो कंदील लावत होता.

मागच्या मक्याच्या शेतातून आवाज आला...

"सुकदेव, जेवाले ये रे..."

मायचा आवाज.

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तीनदा हाक मारतो. दुसरं काही असेल तर एकदाच. हे मामाला मायनेच शिकवलं होतं.

पण इतक्या महिन्यांनी कोणीतरी जेवायला बोलावलं होतं. मामाला राहवलं नाही.

"उनू माय," तो बोलून गेला. आलो, माय.

दुसरी हाक आलीच नाही.

शेतात पानसुद्धा हलत नव्हतं...

सकाळी शाळेचा रखवालदार बांडा म्हणाला, "सर, काल संध्याकाळी घाईघाईने शेतातून कुठे निघालात? परत येताना दिसला नाहीत."

"मी घरातच होतो," मामा म्हणाला.

त्या दिवसापासून बांडा मामाच्या नजरेला नजर देईना.

मायचं काही बरंवाईट तर झालं नसेल? नोकरी अर्धवट सोडून मामा निघाला. मुंबईहून रेल्वेने चाळीसगाव, तिथून एसटीने धुळे, मग साक्री. गावात पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती.

माय जिवंत होती. ठणठणीत होती. मागच्या दारात पाठमोरी उभी. चुलीपाशी भाकरी-भरिताचं ताट वाढलेलं.

मामाचा ऊर भरून आला. तो पिशवी ठेवून बोलणार, तोच माय शेताकडे तोंड करून म्हणाली...

"सुकदेव, जेवाले ये रे..."

एकदाच.

"माय, मी आठे शे," मामा म्हणाला. मी इथे आहे.

आणि बाहेरच्या अंधारातून उत्तर आलं...

"उनू माय."

मामाचाच आवाज.

माय वळली. मामाला बघून तिने डोक्यावर पदर ओढला, परक्या पुरुषासमोर ओढतात तसा.

"कोन शे भाऊ? बस. मना आंडोर येवाना शे जेवाले." माझा मुलगा यायचाय जेवायला.

मामा पुढच्या ओट्यावर जाऊन बसला. आत कोणीतरी जेवत होतं. माय वाढत होती, हसत होती. ते हसणं ऐकायला तो समुद्र ओलांडून आला होता. दार ढकलायची हिंमत मात्र झाली नाही.

पुढे मामा धुळ्याला राहिला. दर रविवारी मायकडे जायचा. ती पाहुण्यासारखा चहा द्यायची आणि विचारायची, "कोठला शे भाऊ तू?" डॉक्टर म्हणाले, वय झालं. वय कसलं डोंबलाचं? मी, माझी आई, शेजारची म्हैस, बठ्ठं तिला आठवायचं.

माय ९१ साली गेली. अग्नी मामानेच दिला.

घर आता बंद असतं. मागच्या वर्षी मी आणि मामा बघायला गेलो, निघता निघता तिन्हीसांज झाली. हाक मारायला घरात कोणी नव्हतं...

तरी शेतातून आवाज आला.

"उनू माय."

थोड्या वेळाने पुन्हा. या वेळी जवळून...

मला वाटलं, मामा पळेल. तो पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"त्याला कोण सांगेल रे," तो म्हणाला, "माय गेली म्हणून?"

मी तोंड उघडलं नाही. मला भीती वाटत होती, आणि खरं सांगतो, अजूनही वाटते.