खाडीत पळालेली जोडी

सुचित्राला फक्त आपले दोन पोपट घरी आणायचे होते. तिची नणंद ईश्वरी मात्र साऱ्या खाडीची काळजी डोक्यावर घेऊन निघाली होती!

गोट्या आणि चिंगी ही सुचित्राची क्वेकर पोपटांची जोडी. हिरवे, राखाडी छातीचे, मूळचे दक्षिण अमेरिकेतले. दुकानदारानं 'एकदम पक्की जोडी' म्हणून गळ्यात मारलेली. सोसायटीतल्या हौशी बायकांनी तर अंतरपाट धरून, अक्षता टाकून त्यांचं लग्नही लावलं होतं. आणि दिवाळीत या नवदांपत्यानं पिंजऱ्याची कडी चोचीनं उघडून चौथ्या मजल्यावरून धूम ठोकली. कावळ्यांनी खाल्लं असेल, असं म्हणून सुचित्रानं रडून घेतलं.

पण माघात बोनकोड्याचा मिथुन दारात उभा. खाडीत होडी घालणारा, ओळखीचा माणूस.

"वयनी, तुमचं पोपट जित्तं हायत! मिठागराच्या पडक्या टाकीवर काटक्या नेतान. आन् 'कचराऽऽ' म्हनून वराडतान!"

सोसायटीतला कचरेवाला रोज सकाळी अशीच हाळी देई. शंकाच उरली नाही. सुचित्रानं आनंदानं टाळी वाजवली. कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवणाऱ्या ईश्वरीचा चेहरा मात्र पडला.

"वहिनी, काटक्या म्हणजे घरटं. घरटं म्हणजे अंडी!"

"मग छानच की!"

"छान काय? मागं कोणीतरी लव्हबर्ड सोडले, ते चार दिवसांत संपले. त्यांना झाडाची ढोली लागते, आणि तिवरांत ती कुठून मिळणार? कावळ्यांचं आयतं फावलं. हे क्वेकर आपलं घर आपणच बांधतात. खायला कबुतरांसाठी टाकलेले दाणे आहेत, सोसायट्यांतले पेरू आहेत. परदेशात असेच पिंजऱ्यातून सुटलेले क्वेकर शहरांत ठाण मांडून बसलेत. अगं, आपला कावळा जहाजावर बसून आफ्रिकेत गेला आणि तिथल्या पाखरांच्या मुळावर उठला! पिल्लं उडाली की इथंही तेच. अंडी असली तर फोडावी लागतील."

झुरळ मारतानाही डोळे मिटणारी बाई सुचित्रा, आत जीव हलणारं अंडं कशी फोडणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मिथुनची होडी खाडीत शिरली. दोन्ही बाजूंना तिवरांची भिंत, चिखलातून वर आलेली मुळं, मधूनच पाण्यावरून सर्रकन जाणारा खंड्या. लांबवर न्हावा शेव्याकडे जाणारी जहाजं धुरकट दिसत होती. सुचित्राच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीत शेंगदाणे. ती मनातल्या मनात गणपतीला साकडं घालत होती.

"शॉर्टकट मारतो," मिथुन ऐटीत म्हणाला आणि होडी तिवरांमधल्या पाण्याच्या अरुंद नाळीत घातली.

तिथंच फसगत झाली! ओहोटी लागली, पाणी भराभर उतरलं आणि होडी चिखलात रुतून बसली.

"आता भरती येईपर्यंत हितंच," मिथुननं डोकं खाजवलं. "चुकलाच माजा."

टाकी समोर दिसत होती. लोखंडी सांगाड्यावर काटक्यांचा भलामोठा भारा! आणि तेवढ्यात वरून आवाज आला, "कचराऽऽ!"

सुचित्राला दम निघेना. तिनं होडीतून पाय टाकला. भस्सकन गुडघा गेला! मग मांडी! जितकी धडपड, तितकी खोल!

"हलू नका वयनी! आडव्या पडा!" मिथुननं होडीची फळी चिखलावर सरकवली. ईश्वरीनं ओढणी फेकली. सुचित्रानं ती मनगटाला गुंडाळली आणि दोघांनी जीव खाऊन ओढलं. चप्पल खाडीला अर्पण झाली, बाई मात्र बाहेर आली!

मग तिघं फळ्या पुढंपुढं टाकत, रांगत टाकीपर्यंत पोचले. वर चढायला सुचित्राच हवी होती. पाखरं तिलाच ओळखत होती. गंजलेली शिडी करकरली. एक पायरी मोडली! ती हातांवर लोंबकळली, पाय चाचपडले आणि खालची पायरी सापडली. इतक्यात दोन कावळे घरट्यावर झेपावले. गोट्या-चिंगीनं असा काही कलकलाट केला की कावळ्यांनी काढता पाय घेतला. सुचित्राला अभिमानही वाटला आणि धडकीही भरली. घर, दाणापाणी, शत्रूशी दोन हात, सगळं जमलं होतं पोरांना!

तिनं घरट्याच्या बोगद्यासारख्या तोंडात हात घातला. अंडी होती. कोमट, चांगली ढीगभर!

"मोबाइलचा टॉर्च लाव!" खालून ईश्वरी ओरडली. "आत लाल शिरा दिसल्या तर जीव धरलाय!"

सुचित्रानं मनगटाची ओढणी सोडून डोक्यावरून घेतली, अंधार केला आणि पहिलं अंडं उजेडावर धरलं. शिरा नव्हत्या. नुसता पिवळसर उजेड. दुसरं धरलं. तेही तसंच. तिसरं, चौथं... प्रत्येक अंडं ती दोनदा फिरवून पाहायची. शेवटचंही रिकामंच निघालं!

"एकातही काही नाही गं!" तिला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

"किती आहेत?"

"अकरा!"

खाली ईश्वरी शिडीला धरून हसत सुटली. "वहिनी, एकटीची इतकी नसतात! दिसायला नर-मादी सारखेच, म्हणून कळलं नाही. दोघीही माद्या आहेत, म्हणून अंडी रिकामी! गोट्याबाईंचं लग्न लावलंत तुम्ही!"

शेंगदाणे पाहताच दोघी सुचित्राच्या खांद्यावर उतरल्या आणि मुकाट्यानं पिशवीत गेल्या. भरती चढली, तशी होडी अलगद उचलली गेली. सुचित्रा पिशवीवर हात ठेवून अनवाणीच बसली होती. इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"एक नर असता तर?" तिनं हळूच विचारलं.

"तर आज तुझ्या हातून काय झालं असतं, ते बोलायलाच नको," ईश्वरी म्हणाली.

"आणि मी त्या दुकानदाराशी भांडायला जाणार होते. जोडी म्हणून फसवलं म्हणून!"

मिथुननं वल्हं थांबवलं. "भांडता कशाला? पेढं न्या त्याला, वयनी!"