ओली चाकोरी

घंटा ऐकू आली की गल्लीकडची खिडकी लावायची, दिवा बारीक करायचा आणि घंटा लांब जाईपर्यंत बाहेर बघायचं नाही. का, ते विचारायचं नाही. आमच्या घरात मुलींना हा नियम बाराखडीच्या आधी शिकवतात.

ही घंटा मैल्याच्या गाडीची. लोखंडी टाकी, दोन चाकं, एक हेला, म्हणजे रेडा, आणि टाकीखाली टांगलेली पितळी घंटा. गाडी आमच्या वरच्या आळीच्या नजरेला पडू नये, एवढ्यासाठी ती घंटा गावच्या म्युनिसिपल कमेटीनं बांधली आहे. आपल्याच घरातलं आपल्याच मागच्या दारानं बाहेर जातं, आणि आपण खिडक्या लावून बसतो.

कॉलेजला सुट्टी लागून मी अमरावतीहून आले, आणि नियम मोडून पहिल्याच आठवड्यात विचारलं, की गाडी जाते कुठे? घरात कुणी सांगेना. शेवटी मी सकाळी चाकोरी धरून चालत गेले. गाडी नाल्यात रिकामी होते. उन्हाळ्यात आमचा नाला कोरडा असतो. खालच्या आळीच्या बायका त्याच्या वाळूत हातभर खड्डे खणतात, त्यांना झिरे म्हणतात. पाणी झिरपायची वाट बघायची आणि वाटीवाटीनं घागर भरायची. गाडी रिकामी होते ती जागा या झिऱ्यांपासून तीन शेतं वर आहे.

या महिन्यात खालच्या आळीत पटकीनं नऊ माणसं गेली. नववी अजीजुन्निसा चाची. तिची मुलगी सरवरी आणि मी चौथीपर्यंत एका बाकावर बसलो. चाचीला मातीत ठेवून बारा दिवस झाले आणि सरवरी अजून त्याच झिऱ्याचं पाणी भरते, कारण दुसरं पाणी नाही. आमच्या वाड्यातल्या विहिरीला बारमाही पाणी आहे, पण ती आमची.

मी अर्ज लिहिला. सरवरीनं घरोघर जाऊन एकेचाळीस अंगठे घेतले. मागणी एकच होती : उंद्रीच्या रस्त्यावरचे मैला पुरायचे जुने खंदक पुन्हा उघडा आणि गाडी तिथं रिकामी करा. मंगळवारी सकाळी सातच्या मोटारीनं मी स्वतः बुलढाण्याला जाऊन तो डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत देणार होते.

म्हणून सोमवारी रात्री आम्हाला भुताची गोष्ट ऐकावी लागली.

तारीख बावीस मे, साल चव्वेचाळीस, वैशाख अमावस्या. अमावस्येला गाडी निघत नाही, हेल्याला त्या रात्री विसावा असतो. साडेनऊला जेवणं आटोपून आम्ही ओसरीवर आलो. नारायणराव, माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ आणि कमेटीचे अध्यक्ष, तक्क्याला टेकून बसले होते. शेजारी त्यांचे स्नेही रामराव, कमेटीचे उपाध्यक्ष. समोर माझे तीन चुलत भाऊ आणि खांबाला टेकून मी.

"बसा रे," मोठे बाबा भावांना म्हणाले, पण बघत होते माझ्याकडे. "एक गोष्ट सांगतो. माह्या डोयानं पाह्यलेली नाई. जहांगीर मोहरीरची हाये. आपल्या कमेटीत लिहिनं कराचा. तो खोटं बोलनारा मानूस नोहता."

"नोहताच," रामराव म्हणाले.

सात वर्षांपूर्वीची, अशाच वैशाख अमावस्येची गोष्ट. तेव्हा उंद्रीच्या रस्त्यावर, आमच्या आमराईला लागून, कमेटीचे बारा खंदक होते. उकंडा नावाचा माणूस गाडी हाकायचा आणि खंदकही तोच भरायचा. वीतभर गावातला केरकचरा, त्यावर चार बोटं मैला, पुन्हा कचरा आणि वरून माती. मातीला एक गडी वेगळा दिलेला होता. चार दिवसांनी उकंडा लोखंडी पहार त्यात खुपसायचा, थोड्या वेळानं उपसायचा आणि तिला तळवा लावायचा. चटका बसला की म्हणायचा, शिजून राह्यलं. त्या आगीत रोग मरतो. सहा महिन्यांनी काळं, भुसभुशीत सोनखत निघायचं, वास घेतला तर पहिल्या नांगरटीच्या मातीसारखा.

"मूठभर उचलून नाकाशी धरे," मोठे बाबा म्हणाले. "म्हने, घ्या मालक, वास घ्या. मी दूर उभा राहो. पन आपल्या संत्र्याले तेच खत पडे. तशी संत्री मंग कधी लागली नाई."

क्षणभर ते गोष्ट विसरलेच. मग सावरून बसले.

"तर त्या सांजेले कमेटीनं जहांगीरजवळ एक कागद देल्ला. उकंड्याले वाचून दाखव म्हने. साधं काम. कंदील घेतला, निंघाला. उकंडा खंदकाच्या कडेले बिडी पीत बसला होता. जहांगीरनं वाचलं : आजपासून खंदक बंद. गाडी नाल्यात खाली कराची. फकत आठ दिवस."

"काऊन बंद केले?" मी विचारलं.

"गोष्ट आयक."

"ऐकतेच आहे. काऊन?"

रामराव खाकरले. मोठे बाबा पुढे सांगू लागले.

"उकंडा म्हने, खाली झिरे हायेत मोहरीरसाहेब. लोकं पानी भरतात. मी बी तेच पेतो. जहांगीर म्हने, मले नको सांगू, मी कागद आनतो फकत. उकंडा म्हने, आठच दिवस ना? जहांगीर म्हने, आठच. उकंडा म्हने, मंग आठ दिवसानं उघडाचा कागद आनजा. जहांगीर म्हने, आनतो."

रस्त्यावर एक कुत्रं भुंकलं आणि गप्प झालं.

"आठ दिवस झाले, पंधरा झाले. कागद काही निंघाला नाई. राहून गेलं. जेष्ठात पटकी आली. उकंडा गेला. त्याची बायको गेली. जहांगीरनंच त्यायची नावं मृत्यूच्या वहीत लिहिली."

"मग?" धाकट्या भावानं विचारलं. तो माझ्याजवळ सरकला होता.

"मंग साल सरलं. पुन्हा हेच अवस. जहांगीर उंद्रीहून पायी येऊन राह्यला होता. रातीचे अकरा. चांदनं नाई. वारा नाई. खंदकापाशी आला... आनि घंटा वाजली."

मोठ्या बाबांनी ओसरीबाहेरच्या अंधारात बघितलं.

"त्याले वाटलं, गाडी येऊन राह्यली. एक बाजूले झाला. मंग ध्यानात आलं... आज अवस. आज गाडी नसते. कंदील वर केला. गाडी होती. टाकी होती. घंटा हालत होती. पन..."

"पन काय?"

"हेला नोहता. हेला जुपाच्या दोन धुऱ्या... अशा... आडव्या. हवेत. कोनी धरल्यासारख्या. गाडी चालत आली... त्याच्यापाशी... थांबली."

मोठ्या बाबांचा आवाज उतरला. ते खेळवत नव्हते. मी त्यांना लहानपणापासून ओळखते, कंदिलाच्या उजेडात त्यांच्या कपाळावर घाम दिसत होता.

"आनि मंग... अंधारातून... मोहरीरसाहेब... कागद आनला का?"

रामरावांनी डोळे मिटून घेतले.

"येवढंच. जहांगीर तिथंच कंदील टाकून पयाला. त्यानं नोकरी सोडली, गाव सोडलं. आता शेगावले स्टेशनापाशी चहा इकतो. टांग्याची घंटा वाजली का आज बी कानावर हात ठेवते." ते माझ्याकडे वळले. "म्हनून सांगतो पोरी. त्या खंदकाले हात लावाचा नाई. उकंडा तिथं बसला हाये. जो खनीन, त्याचं बरं होनार नाई. तो अर्ज फाडून टाक. हे गावाच्या भल्याचं हाये."

माझे भाऊ मान खाली घालून बसले. गोष्ट हवी तशी लागली होती. मला मात्र डोक्यात काहीतरी फुटल्यासारखं झालं.

"मोठे बाबा, तुम्ही स्वतः सांगितलेली गोष्ट तुम्हाला कळली नाही का? उकंडा खंदक राखत बसलेला नाही. तो उघडायचा कागद मागतोय. ज्यानं विचारलं, कागद आणला का, त्याचंच नाव सांगून तुम्ही कागद फाडायला सांगता?"

"तोंड लई चालून राह्यलं तुहं," रामराव म्हणाले. "अमरावतीले हेच शिकोतेत काय?"

"रामरावकाका, त्या कागदावर सह्या कुणाच्या होत्या?"

त्यांनी पानाचा डबा जवळ ओढला.

"आणि खंदक का बंद केले, ते मी सांगते. सात वर्षांपूर्वीच्या वैशाखात तुमच्या मुलीचं, कौशल्याअक्काचं लग्न झालं. देऊळगाव राजाहून वऱ्हाड आलं. मांडव आमराईत पडला. मी तेरा वर्षांची होते, बुंदीचे लाडू खात होते. खंदकावर माती टाकणारा गडी तुम्ही मांडवाचे खांब रोवायला ओढून आणला. चार दिवस माती पडली नाही, म्हणून वास सुटला. व्याह्यांनी नाकाला पंचा लावला. मग तुम्ही गडी परत पाठवायचा सोडून खंदकच बंद केले. आठ दिवसांसाठी. लग्नाला सात वर्षं झाली, अक्काला दोन मुलं झाली. खाली दर उन्हाळ्यात माणसं मरतात. कागद लिहायला तुम्हाला अजून वेळ मिळाला नाही?"

"आवाज खाली कर," आतून मोठी आई म्हणाली. ती रुखमाबाई, साऱ्या गल्लीला धाकात ठेवणारी, पण तेव्हा तिचा आवाज कापत होता. "आवाज खाली कर अन् आयक."

मी ऐकलं.

लांब, नाल्याच्या बाजूला, घंटा.

एक ठोका. मग दुसरा. गाडी चालताना वाजते तशी, सावकाश.

"गाडी निंघाली वाटते," रामराव म्हणाले.

"आज अवस हाये," मोठे बाबा म्हणाले.

भाऊ आत पळाले. रामराव घरी जायला उठले होते, ते आमच्याच माजघरात येऊन बसले. कड्या लागल्या. दिवे बारीक झाले. मी माझ्या खोलीत गेले. खिडकी उघडी होती. मी ठरवलं होतं, बघायचंच. घंटा गल्लीत आली. चाकांची करकर ऐकू येत होती. खुरांचा आवाज... नव्हता. आमच्या भिंतीपाशी आली. थांबली.

आणि माझ्या हातानं खिडकी लावली.

मी लावली नाही. हातानं लावली. वीस वर्षांची शिकवण त्या हातात होती. मी अंधारात कडीला धरून उभी राहिले आणि मला उकंड्याची भीती वाटली नाही, स्वतःची चीड आली. जिवंत होता तेव्हा हा माणूस रोज रात्री याच खिडकीखालून गेला, आणि मी एकदाही त्याचं तोंड बघितलं नाही. तो आता आला, आणि मी पुन्हा तेच केलं.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग मोठे बाबा माजघरात हलक्या आवाजात कुणाला तरी म्हणाले, "उद्या देतो. उद्या देतो लिहून." कुणाला, ते मी अजून विचारलेलं नाही.

सकाळी सहाला मोठ्या आईची हाक आली. वाड्याचं मागचं दार आतून कडी लावलेलं होतं, तसंच. दारापासून विहिरीपर्यंत अंगणात घोटाभर फुफाटा. त्या कोरड्या धुळीत दोन चाकांच्या दोन ओळी उमटल्या होत्या. ओल्या. बोट लावलं तर चिखल यावा इतक्या ओल्या. दोन ओळींच्या मध्ये धूळ जशीच्या तशी, खुराचा ठसा एकही नाही, पावलाचाही नाही. मी दार उघडून बाहेर बघितलं. ओळी गल्लीतून खाली, नाल्याकडे गेलेल्या होत्या. अंगणात त्या विहिरीच्या काठाला येऊन संपत होत्या. परत फिरल्याची खूण नव्हती.

रामराव पायरीवर बसले. मोठे बाबा विहिरीपासून दहा हात लांब उभे होते. रात्रभरात त्यांचं वय वाढलं होतं, पण आवाज त्यांनी गोळा केला.

"कोनाले सांगाचं नाई," ते म्हणाले. "गावात गेलं तं अब्रू जाईन. पोरी, खराटा घे. लोक उठाच्या आत झाडून काढ हे."

"आणि अर्ज?"

"मोटार आज जाऊ दे. पावसाळा झाला का पाहू. म्या रातीच ठरवलं, आपन करू हयूहयू."

"रात्री तुम्ही 'उद्या देतो' म्हणालात. उद्या म्हणजे आजच."

त्यांनी मान वळवली. मोठ्या आईनं खराटा माझ्या हातात दिला. तिचे डोळे सांगत होते, घे बाई, झाड, संपव. दिवसाच्या उजेडात या हाताला काय करायचं ते मला ठरवता येत होतं. मी खराटा विहिरीच्या काठाला टेकवून ठेवला.

"मी झाडणार नाही," मी म्हणाले. "हे असंच राहील. गावानं येऊन बघावं. मी सातच्या मोटारीनं जातेय, अर्ज माझ्या पिशवीत आहे. जायच्या आधी तोंड धुवायला पाणी हवं. मोठे बाबा, काढा एक पोहरा. आधी तुम्ही घोटभर प्या, मग मी तोंड धुते."

पोहरा दोरासकट काठावर पडलेला होता. मोठ्या बाबांनी त्याच्याकडे बघितलं. मग रामरावांकडे. रामराव खाली, ओल्या चाकोरीकडे बघत होते.

चावडीपाशी मोटारीचा भोंगा वाजला. मी पिशवी खांद्याला लावली आणि दारात थांबून मागं बघितलं. तिघंही तिथंच होती. पोहऱ्याला कुणी हात लावला नव्हता.